जुन्या फ्रिजला एसटीसी-१००० कंट्रोलर, भुसावळच्या उन्हाळ्यात कोम्बुचासाठी

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो आणि कोम्बुचाला (आंबवलेला गोड चहा) पाहिजे साधारण २४ ते २९ डिग्री, ओट्यावर बरणी ठेवली की बघता बघता व्हिनेगर. म्हणून जुन्या सिंगल डोअर फ्रिजला हा कंट्रोलर (तापमान बघून फ्रिज आपोआप चालू-बंद करणारा) लावला, पैसा वसूल आहे भो! त्यात दोन रिले (आपोआप चालू-बंद होणारे स्विच) असतात, एक कुलिंगला एक हिटिंगला, म्हणजे थंडीत आत बल्ब लावून ऊब पण देता येते (बल्बवर पत्र्याचा डबा उलटा घाला, बरणीला उजेड नको).

सेन्सर मात्र हवेत लटकवू नका. फ्रिजमधली हवा झटक्यात गार होते पण बरणीतलं पाणी सावकाश, त्यात आंबताना थोडी गरमी आतून निघतेच, मग आकडा एक आणि बरणीत भलतंच. सेन्सर बरणीला बाहेरून चिकटवा, वरून थर्माकोलचा तुकडा दाबून टेप मारा. सेटिंगमधे मी एफ१ म्हणजे पाहिजे ते तापमान २६ आणि एफ२ म्हणजे फरक (तापमान किती हललं की रिले चालू व्हायचा) १ डिग्री ठेवलाय. एफ३ कंप्रेसर डिले (कंप्रेसर परत चालू व्हायच्या आधी थांबायचा वेळ), तो कमी करू नका, लाईट ये-जा करते तिथं कंप्रेसर त्याच्यामुळंच वाचतो.

खटकलं ते वायरिंग. रिले म्हणजे नुसता स्विच, फेज आपणच जंपर (जोडवायर) टाकून द्यायची, आणि मागचे टर्मिनल उघडे, त्यामुळं प्लास्टिकचा बॉक्स वेगळा घ्यावा लागतो. रावेर-सावद्याकडं केळी पिकवायच्या चेंबरचं काम करणारा मेकॅनिक ओळखीचा असेल तर त्यालाच द्या, त्याला हे रोजचं आहे.