उपवासकाळाचं अ‍ॅप: माहिती एक नंबर, पण उपास शेअर कशाला करायचा?

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे कपाळावर राख लावून आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, ईस्टरपर्यंत हे अ‍ॅप वापरलं, आता नीट सांगते.

आधी चांगलं. राखेच्या बुधवारचं पान ज्यांनी लिहिलंय त्यांनी मनापासून लिहिलंय. राख कुठून येते, तर गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) ज्या झावळ्या हातात धरून होसान्ना म्हटलं त्याच जाळून. कित्येक जण वर्षानुवर्षं कपाळावर राख लावून घेतात पण हे कुणी सांगितलेलंच नसतं. फादर राख लावताना म्हणतात ती दोन्ही वाक्यं दिलीयेत, तू माती आहेस आणि मातीलाच परत मिळशील हे एक आणि पश्चात्ताप करा, सुवार्तेवर विश्वास ठेवा हे दुसरं. मला पहिलं जास्त लागतं, कारण त्यात पळवाटच नाही.

नियम पण बरोबर आणि सोप्या भाषेत आहेत (कॅथलिक नियम हं, बाकीच्या चर्चचे वेगळे असतात). १८ ते ५९ वयाच्यांनी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपास करायचा, म्हणजे एकदाच पोटभर जेवण आणि बाकी दोनदा थोडंसं, ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. मांस वर्ज्य मात्र १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. वय टाकलं की तुम्हाला काय लागू ते दाखवतं आणि आजारी किंवा गरोदर असाल तर उपास करू नका असं स्पष्ट लिहिलंय, हे फार आवडलं, कारण तब्येत बिघडवून घेणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे. ऑडिओ तर सुंदरच. बायबलमधलं योएल संदेष्ट्याचं ते 'कपडे नको, काळीज फाडा' वाचन आणि ५१ वं स्तोत्र इतकं सावकाश वाचलंय की घाईत ऐकताच येत नाही.

आता खटकलं ते. रात्री स्क्रीनवर प्रश्न येतो, आजचा संकल्प पाळला का? हो दाबलं की हिरवी टिक, मग सलग किती दिवस झाले तो आकडा, आणि खाली मोठं बटण, मित्रांना सांगा. ते दाबलं की राखेच्या क्रूसाचं चित्र आणि तुमचा आकडा स्टेटसला टाकायला तयार. आणि हे पहिल्यांदा येतं नेमकं राखेच्या बुधवारी, ज्या दिवशी मत्तयच्या ६ व्या अध्यायात येशू सांगतो की उपास करताना तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याला कळलं की पुरे! ते शुभवर्तमान याच अ‍ॅपमध्ये सकाळी ऐकवलं होतं ना?

कुणी म्हणेल कपाळावरची राख पण दिसतेच की. दिसते, पण ती मी किती केलं हे सांगत नाही, मी पापी आहे आणि मरणार आहे एवढंच सांगते, आणि फादरांना पण लागते. आकडा शेअर करणं अगदी उलट आहे.

त्यात तो आकडा चुकीचा पण आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, त्यातले ६ रविवार उपासाचे नाहीत म्हणून ४०, हे माहितीच्या पानावर छान समजावलंय आणि तरी रविवारी टिक नाही केली की आकडा शून्यावर! रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी संकल्प सोडला म्हणून काय मोडलं?

दानधर्माचा भाग पण फारच तोकडा वाटला. प्रार्थना, उपास आणि दान तिन्ही बरोबर चालायला हवेत, यशयाच्या ५८ व्या अध्यायात देव तर म्हणतो की मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं. आपलं एक जेवण वाचलं ते कुणाच्या ताटात गेलं, हा प्रश्न रात्री विचारला असता तर मी आनंदाने उत्तर दिलं असतं. कन्फेशनच्या (फादरांकडे पापांची कबुली देण्याच्या) आधी स्वतःला विचारायचे प्रश्न मात्र चांगलेत, त्यात घरातल्यांशी कसं बोललो हे पण आहे.

सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा आणि रात्रीचं नोटिफिकेशन बंद करता येतं, मी केलं, मग खूप बरं वाटलं वापरायला. वाचनं आणि ऑडिओसाठी नक्की घ्या. तीन स्टार, ते बटण काढलं तर पाच देईन.