एका रांगेतले सहा की व्ही सिक्स? आमच्या जळगावच्या ग्रुपमधला वाद
बीएमडब्ल्यू एम३४०आय गाडी भारी की ऑडी एस५, यावरून ग्रुपमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्यात, घ्यायची ऐपत कोणाचीच नाही ती गोष्ट वेगळी. दोन्हीत ३ लिटरचं टर्बो (म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा लावलेलं) पेट्रोल इंजिन, सहा सिलिंडर, टॉर्क म्हणजे ओढ ५०० एनएम, पॉवर बीएमडब्ल्यूची ३७४ हॉर्सपॉवर आणि ऑडीची ३५४, म्हणजे फरक एकोणीस-वीसचाच.

खरी मजा सिलिंडरच्या मांडणीत आहे. ऑडीत व्ही सिक्स, म्हणजे व्ही आकारात तीन-तीनच्या दोन रांगा; बीएमडब्ल्यूत सहाही एका रांगेत, पहिला आणि सहावा पिस्टन एकदम वर येतात, दुसरा-पाचवा आणि तिसरा-चौथा पण तसेच, मग पुढच्या अर्ध्या इंजिनाचा हेलकावा मागचा अर्धा भागच मारतो आणि हादरे मारायला वेगळा दांडा (बॅलन्स शाफ्ट) लागत नाही. म्हणून ते असं लोण्यासारखं फिरतं. मर्सिडीजनेसुद्धा नव्वदच्या दशकात हे सोडून व्ही सिक्स धरलं होतं, २०१७ ला गपचूप परत आली.

व्ही सिक्सचा फायदा एकच पण मोठा, लांबी कमी. ऑडीचं इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं, तिथे सहाची रांग मावणार कुठे? त्यात टर्बो दोन रांगांच्या मधोमध, रिस्पॉन्स झकास मिळतो पण गरमी तिथेच साठते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर, तेव्हा मला तरी ते पटत नाही.

धुळ्याचा मित्र म्हणतो, "घाटात ट्रकमागे दोन्ही सारख्याच रांगतील भो, आधी ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते बघ." तरी माझं मत बीएमडब्ल्यूलाच, आवाजासाठी.