मार्क २१ मध्ये डान्सच्या टेप कॅटलॉग करताना : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या लायब्ररीच्या अर्काइव्हमधल्या डान्स रेकॉर्डिंगचं कॅटलॉगिंग मार्क २१ मध्ये (लायब्ररीच्या नोंदी कॉम्प्युटरवर करायचा ठरलेला साचा, एकेक नोंद म्हणजे रेकॉर्ड, आणि त्यात प्रत्येक माहितीला आकड्याची एक जागा) करायला लागून नऊ महिने झाले, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही, पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच निघाल्या असत्या. माल काय होता तर व्हीएचएस, हाय-८, मिनीडीव्ही, थोड्या यू-मॅटिक अशा व्हिडिओ टेप आणि खोकंभर ऑडिओ कॅसेट, ज्यांच्यावर "म्युझिक नवीन", "म्युझिक नवीन २" आणि एकीवर "हेच वापरायचं". हेच म्हणजे नक्की कुठलं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

मार्क पुस्तकांसाठी बनलंय, नाचाला चालत नाही, असं सगळे म्हणतात. माझं मत आता थोडं बदललंय. जागा सगळ्या आहेत त्यात, फक्त पुस्तकाच्या सवयीने हात २४५ वर, म्हणजे शीर्षकाच्या जागेवर, जातो आणि तिथेच अडकतो, कारण टेपला शीर्षकच नसतं, असलं तर ते "फायनल रन" असतं, आणि फायनल रन नावाच्या आमच्याकडे सात टेप आहेत. खरं काम ५१८ मध्ये होतं, म्हणजे कार्यक्रम कधी आणि कुठे झाला. त्याच्या डी सबफील्डमध्ये, म्हणजे पोटजागेत, तारीख, पी मध्ये जागा, ओ मध्ये तो प्रयोग होता की रंगीत तालीम की नुसतीच तालीम. हे तीन भरले की त्या सातपैकी कुठली काय ते लगेच कळतं. त्यानंतर ५११ मध्ये नाचणारे, ५०८ मध्ये लाइट, कपडे, कॅमेरा वगैरे मंडळी, आणि ७०० मध्ये प्रत्येकाचं नाव रिलेटर कोडसकट, म्हणजे त्याचं काम काय ते सांगणाऱ्या तीन अक्षरांसकट, कोरिओग्राफरला सीएचआर, डान्सरला डीएनसी. हा कोड टाकायचा कंटाळा करू नका, मी पहिले दोन महिने केला आणि मग दीडशे रेकॉर्ड परत उघडत बसलो, कारण वाचक येऊन विचारतो "यांनी बसवलेले नाच दाखवा" आणि यादीत त्या जिथे फक्त नाचल्यात तेही सगळं येतं.

सगळ्यात उशिरा डोक्यात शिरलेली गोष्ट म्हणजे इथे "कृती" कुठली. आम्ही सुरुवातीला संगीताच्या नावाने सगळं एकत्र करत होतो. आता "द राइट ऑफ स्प्रिंग" घ्या, स्ट्राव्हिन्स्कीचं संगीत तेच, पण १९१३ मध्ये पॅरिसला निजिन्स्कीने बसवलेला नाच वेगळा, १९५९ चा बेजारचा वेगळा आणि १९७५ चा पिना बाउशचा त्याहून वेगळा. संगीताच्या नावाखाली तिन्ही टाकले तर नाच शोधणाऱ्याचे हाल. लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत अशी की नावापुढे कंसात कोरिओग्राफिक वर्क असं लिहून कोलननंतर कोरिओग्राफरचं आडनाव, आणि आम्ही ते ७३० मध्ये, म्हणजे जोडीच्या शीर्षकाच्या जागेत, टाकतो. कथक असो की बॅले, एकदा हे हेडिंग लावलं की तालमीची टेप, प्रयोगाची टेप आणि ती कुठलीतरी "म्युझिक नवीन २" वाली कॅसेट एका धाग्यात येतात. एवढ्यासाठी मी मार्कला सगळं माफ करतो.

म्हणजे बाकी चुका नाहीत असं नाही. एकच प्रयोग हाय-८ वर मूळ, त्याची व्हीएचएस कॉपी, आणि वर डिजिटल फाइल, मग रेकॉर्ड एक करायचं की तीन? मार्कमध्ये तीन केली आणि ७७६ ने एकमेकांना जोडली तर नियमाला धरून, पण वाचकाला एकच नाच तीनदा दिसतो आणि तो वैतागतो. पीबीकोअरमध्ये, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओसाठीच्या दुसऱ्या साच्यात, हे सरळ आहे, आशय एकीकडे आणि त्याच्या प्रती, ज्याला ते इन्स्टन्शिएशन म्हणतात, त्या त्याखाली. मी शेवटी जुगाड केला, मार्कमध्ये प्रयोगाचं एकच रेकॉर्ड, आणि प्रतींचा तांत्रिक तपशील पीबीकोअरच्या धर्तीवर एका स्प्रेडशीटमध्ये, टेपच्या बारकोडने जोडलेला. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत. मिनीडीव्हीचा एक तास साधारण १३ जीबी खातो, फाइल कुठल्या ड्राइव्हवर, चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे तपासायचा आकडा) काय, हे ३४७ मध्ये, डिजिटल फाइलच्या तपशिलाच्या जागेत, कोंबत बसण्यापेक्षा शीट बरी.

आता लेबलांबद्दल. लेबलवर विश्वास ठेवू नका, बस. एका व्हीएचएसवर मार्चची तारीख होती, मी ती ५१८ मध्ये टाकून मोकळा झालो. चार महिन्यांनी दुसरी एक टेप लावली, त्यात सुरुवातीला कोणीतरी पाटी धरून तारीख दाखवलेली, आधीच्या ऑक्टोबरची, आणि मधल्या डान्सरच्या उजव्या घोट्याला क्रेप बँडेज. तेच बँडेज, तशीच तिरकी गुंडाळलेली पट्टी, त्या मार्चच्या टेपमध्येही. म्हणजे मार्च ही कॉपी केल्याची तारीख. तेव्हापासून लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा ५०० च्या साध्या नोटमध्ये, आणि ५१८ मध्ये फक्त जे पडद्यावर दिसतं किंवा कागदपत्रात सापडतं ते.

ओळख पटवायला एका जुन्या डान्सर ताईंना बोलावलं होतं, त्यांनी चेहरा दिसायच्या आधीच, पाठमोरी बाई विंगेतून आली तेवढ्यावर सांगितलं, "ही चाल दुसऱ्या कोणाची असूच शकत नाही." मी खूश. पुढच्या आठवड्यात दुसरे एक सर आले, त्यांनी त्याच बाईचं दुसरं नाव सांगितलं, तेही तितक्याच ठामपणे. आता कोणी कधी ओळखलं ते दोन्ही नोटमध्ये लिहितो आणि अशा वेळी ७०० मध्ये काहीच टाकत नाही.

आरशाचाही एक किस्सा आहे. तालमीच्या टेपमध्ये मी डाव्या हाताने सुरुवात असं वर्णन लिहिलं, आणि नंतर लक्षात आलं की टी-शर्टवरची अक्षरं उलटी आहेत, म्हणजे कॅमेरा आरशाकडे तोंड करून होता. नाच पुन्हा बसवायला कोणी ते वर्णन वापरलं असतं तर गंमतच झाली असती.

ऑडिओचं दुखणं वेगळं, तिथे लयच संशयास्पद असते. कॅसेट हळू वाजतेय ती मुद्दाम हळू केलेली की रेकॉर्ड करणारा डेकच बिघडलेला? कधी कधी टेपमध्ये वीजपुरवठ्याची गुणगुण भरलेली असते, ती ५० हर्ट्झच्या जागी ४८ ला ऐकू आली तर वेगात गडबड आहे असं धरायला जागा असते, फक्त ती गुणगुण आपल्याच डेकची नाही ना हे आधी बघा, मी एकदा फसलोय. व्हिडिओतही तेच, सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म पालवर, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीवर, २५ ने चालवून कॉपी केलेली असेल तर ती चार टक्के जोरात धावते, आणि नाचात चार टक्के म्हणजे गिरकी घेणाऱ्याला विचारा. त्यामुळे ३०६ मध्ये वेळ टाकताना (४७ मिनिटं ३० सेकंद म्हणजे ००४७३०) ती कुठल्या प्रतीची हे मी नोटमध्ये लिहितोच.

वेळ किती लागतो असं सगळे विचारतात. तासाच्या टेपला माझे तीन तास जातात, त्यातला एक नुसता बघण्यात. फास्ट फॉरवर्ड करून बघू नका, एका टेपमध्ये चाळीस मिनिटं रिकामा निळा पडदा होता आणि त्यानंतर अख्खा वेगळाच कार्यक्रम. आणि टेप लावायच्या आधी चुकून वर रेकॉर्ड होऊ नये म्हणून व्हीएचएसची मागची रेकॉर्डिंगची टॅब मोडा (हाय-८ आणि मिनीडीव्हीची नुसती सरकवायची असते), बुरशी दिसली तर लावूच नका.

हक्कांचं ५०६ आणि ५४० आम्ही अजून अर्धवटच भरलंय, कोरिओग्राफर, संगीतकार, डान्सर, कॅमेरावाला या सगळ्यांची परवानगी गोळा करणं एका माणसाचं काम नाही. सध्या बहुतेक रेकॉर्डवर "फक्त लायब्ररीत बसून पाहता येईल" एवढंच आहे.

यू-मॅटिकचा डेक दुरुस्तीला गेलाय. त्या एकोणीस टेप बघायच्या राहिल्यात, त्यांच्या ००७ मध्ये, म्हणजे माध्यमाच्या कोडच्या जागेत, फॉरमॅटच्या जागी यू-मॅटिकचं सी एवढं अक्षर आहे आणि ५१८ रिकामं.