सेशेल्सवर लिहायचंय: मँचम की रेने?

निबंध सेशेल्स या हिंद महासागरातल्या बेटांच्या देशावर, पण पहिले राष्ट्राध्यक्ष जेम्स मँचम घ्यावेत की त्यांच्यानंतरचे फ्रान्स-आल्बेर रेने यावर गाडं अडलं असेल, तर आधी कालखंड बघा. मँचम राष्ट्राध्यक्ष होते जेमतेम वर्षभर: २९ जून १९७६ ला स्वातंत्र्य, ५ जून १९७७ ला ते लंडनमध्ये असताना रेनेंच्या समर्थकांनी केलेला सत्तापालट. रेने तेव्हापासून थेट २००४ पर्यंत.

मतांचं गणित मात्र मँचम यांच्याच काळात रंगतं. १९७४ ला त्यांच्या पक्षाला १५ पैकी १३ जागा; रेनेंच्या पक्षाला ४७ टक्क्यांहून जास्त मतं पडूनही दोनच. हा आकडा गाळला की पुढचं बंड अचानक उगवल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे स्वातंत्र्याची मागणी मुळात रेनेंची; मँचम यांना आधी ब्रिटनशी जोडूनच राहायचं होतं.

रेनेंकडे मालमसाला भरपूर, गुंताही तेवढाच. १९७९ पासून एकपक्षीय राजवट. १९९३ ला बहुपक्षीय निवडणूक, समोर पुन्हा मँचम, जिंकले रेनेच. नोव्हेंबर १९८१ मध्ये रेनेंची सत्ता उलथवायला आलेले भाडोत्री सैनिक विमानतळावर सामानात बंदूक सापडल्याने उघडे पडले आणि मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं विमान पळवून दर्बानला गेले.

दोन पानांत आटपायचं असेल तर मँचम. मोठा प्रकल्प असेल तर रेने, पण शाळा-दवाखान्यांच्या कामाशेजारी विरोधकांची मुस्कटदाबीही लिहा.