रक्तातून अल्झायमरची तपासणी: टोचणाऱ्याला पाच स्टार, रिपोर्टला दोन

पी-टाऊ २१७ हे अल्झायमरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन. मुलुंडला दादाच्या घरी येऊन एका खासगी लॅबने त्यासाठी रक्त नेलं. बी-१२ आणि थायरॉईड बघून झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टनी ही चाचणी लिहून दिली होती. मी लॅब टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेय, त्यामुळे माझी नजर कुठे होती ते सांगायला नको.

रक्त घ्यायला आलेला मुलगा एकदम तयार. जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब (रक्त गोठू न देणारी नळी), एकाच टोचण्यात शीर (दादाची सापडणं सोपं नाही), पट्टा लगेच सोडला, बल्ब न हिसडता हलक्या हाताने उलटसुलट केला, लेबल आमच्यासमोर लावलं. प्लाझ्मा कधी वेगळा करता, असं विचारल्यावर "मॅडम, सेंटरला पोचल्या पोचल्या" म्हणत आइस पॅकची पेटी उघडून दाखवली. रक्त तसंच पडून राहिलं तर त्यातलं अमायलॉइड बीटा (अल्झायमरशी जोडलेलं दुसरं प्रथिन) घटत जातं, म्हणून विचारलं.

आता जाहिरात. पत्रकावर ठळक अक्षरांत 'ऑप्टिकल बायोसेन्सर तंत्रज्ञान'. रिपोर्टवर पद्धत छापलीय केमिल्युमिनेसन्स! प्रकाश दोन्हीकडे आहे, पण काम वेगळं. केमिल्युमिनेसन्समध्ये एक अँटीबॉडी प्रथिन पकडते, दुसरीला जोडलेलं एन्झाइम रसायन चमकवतं आणि मशीन तो उजेड मोजतं. चमकणारं काही न जोडता चालणाऱ्या ऑप्टिकल सेन्सरचा नेहमीचा नमुना म्हणजे सोन्याचा पातळ थर: त्यावर प्रथिन चिकटलं की परावर्तित प्रकाशाचा कोन सरकतो. ऐकायला सुंदर, पण रक्तात अल्ब्युमिन मिलीलीटरला चाळीसेक मिलीग्रॅम आणि पी-टाऊ २१७ पिकोग्रॅमच्या घरात. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आधी अल्ब्युमिनच सोन्यावर जाऊन बसतं. त्या गर्दीतून नेमकं हवं ते उचलण्यावरच संशोधक झटतायत. लॅबने वापरलेली पद्धत चांगलीच आहे, मग दुसरीचं नाव कशाला मिरवायचं?

रिपोर्टने मात्र डोकं फिरवलं. रात्री थेट दादाच्या व्हॉट्सॲपवर, लाल अक्षरांत 'हाय', म्हणजे प्रमाण जास्त. वहिनीचा फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. 'हाय' ठरवणारी सीमारेषा एकच छापलेली. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि चाचण्यांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मे २०२५ मध्ये अल्झायमरची पहिली रक्तचाचणी मंजूर केली, ती ल्युमिपल्स. पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा ४२ यांचं गुणोत्तर बघणारी, आणि लक्षणं असलेल्यांसाठीच. तिच्यातही मधला अनिश्चित पट्टा आहे: ४९९ नमुन्यांपैकी २० टक्क्यांच्या आतले नमुने त्यात पडले. म्हणजे अशा आकड्याला 'सांगता येत नाही' हेही एक प्रामाणिक उत्तर असतं. इथे ते छापायला जागाच नाही.

त्याहून मोठी गोष्ट, फॉर्मवर किडनीबद्दल एक प्रश्न नाही. दादाचं क्रिएटिनिन जुनंच वाढलेलं आहे आणि किडनी मंदावली की पी-टाऊ तसंही वर जातं. न्यूरॉलॉजिस्टनी आकडा बघून पहिलं हेच विचारलं, मग स्मृतिचाचणी आणि एमआरआय समोर ठेवून बोलले. पेट स्कॅनचा निर्णय पुढच्या भेटीत.

पैसे पाच आकडी, मेडिक्लेमने नाकारले.

मुलुंड-भांडुपकडच्यांनी रक्त द्यायला यांना खुशाल बोलवा, पण डॉक्टरने लिहून दिलं असेल तरच. आणि पैसे भरण्याआधी रिपोर्ट पेशंटच्या नव्हे, डॉक्टरच्या नंबरवर जाईल असं फॉर्मवर लिहून घ्या. रविवारी घरी येत नाहीत.