एक कार्ट आली, सात आल्याच नाहीत : गो-कार्ट ट्रॅकच्या नावाखाली झालेली १६,४७,५०० रुपयांची फसवणूक

नागपुरात गो-कार्टचा, म्हणजे शर्यतीच्या लहान उघड्या गाड्यांचा, ट्रॅक सुरू करण्यासाठी डिसेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मी एका सल्लागाराच्या खात्यात तीन हप्त्यांत १६,४७,५०० रुपये भरले. त्या बदल्यात माझ्या हाती काही नकाशे आणि एक रंगवलेली भंगार कार्ट आली. हे लिहिताना मला लाज वाटते, कारण मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मी एकोणीस वर्षे बसतो आहे आणि खोटा माल ओळखणे हाच माझा धंदा आहे. तरीही लिहितो आहे, कारण हा माणूस विदर्भात आणखी कोणाशी तरी बोलत असणार याची मला खात्री आहे.

आगाऊ रक्कम घेऊन नाहीसे होणारे लोक कसे असतात हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी आंधळेपणाने पैसे भरले, असे जे नातेवाईक आता म्हणतात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की जागेचा सातबारा मी तीन वेळा काढला, अकृषक आदेश वकिलाकडून तपासून घेतला आणि मगच हिंगणा रोडच्या पुढची सव्वादोन एकर जागा महिना ५५,००० रुपये भाड्याने घेतली. मुरूम आणि खडीकरणावर ४,६०,००० रुपये खर्च केले. नागपूरच्या मे महिन्यात डांबर किती मऊ पडते आणि वळणावर कार्टची चाके ते कसे ओरबाडून काढतात, याचीही चौकशी एका रस्ते कंत्राटदाराकडे केली होती. जमीन तपासली, डांबर तपासले, इंजिन तपासले. तपासायचा राहिला तो फक्त माणूस.

तो हरियाणातला होता. ट्रॅकच्या आखणीपासून कार्ट पुरवण्यापर्यंत सगळे काम एकहाती करून देतो, बारा वर्षांचा अनुभव आहे, असे त्याचे म्हणणे होते. नोव्हेंबरमध्ये त्याने मला दिल्लीजवळचा एक चालू ट्रॅक दाखवला आणि तो आपणच उभारल्याचे सांगितले. त्या दिवशी मालक बाहेरगावी होता, असे कळले. पिटमध्ये, म्हणजे कार्ट उभ्या करतात त्या जागी, दोरी ओढून इंजिन सुरू करणारा एक मुलगा होता. त्याला मी दोनच प्रश्न विचारले असते तरी खरे काय ते कळले असते, पण सल्लागार माझ्या शेजारून हलला नाही आणि मीही गप्प राहिलो. मालकाशी फोनवर, आणि तोही स्वतः शोधलेल्या क्रमांकावर, बोलणे होईपर्यंत 'आमचे काम' म्हणून दाखवलेल्या कोणत्याही ट्रॅकवर विश्वास ठेवू नका.

त्याच्या प्रस्तावावर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचे बोधचिन्ह छापलेले होते. ही संस्था देशातल्या मोटार शर्यतींचे नियमन करते. एखाद्या पुरवठादाराने आपल्या कागदावर तिचे चिन्ह छापले म्हणून तो मान्यताप्राप्त ठरत नाही. एक पत्र पाठवून विचारता आले असते, आणि ते मी पाठवले नाही.

पहिला हप्ता २ डिसेंबरला गेला. आराखडा आणि प्रकल्प अहवालाचे १,५०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण १,७७,००० रुपये. अहवाल आला, नकाशेही व्यवस्थित होते आणि माझा विश्वास बसला. दुसरा हप्ता १९ डिसेंबरला गेला. आठ कार्ट, प्रत्येकी करासह २,३५,००० रुपये, एकूण १८,८०,००० आणि त्यांपैकी ६० टक्के आगाऊ, म्हणजे ११,२८,०००. यातले चार लाख माझ्या साळ्याचे होते. प्रत्येक कार्टवर होंडा जीएक्स २०० हे १९६ सीसीचे इंजिन असेल, असे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलेले होते.

आता ज्या दिवसाचा मला सर्वांत जास्त पश्चात्ताप होतो त्याविषयी. २१ जानेवारीला एक नमुना कार्ट ट्रान्सपोर्टने नागपुरात आली. गोदामात लाकडी पेटी उघडताच ताज्या रंगाचा वास आला. वरचे आवरण लाल, टाकी पांढरी, म्हणजे बाहेरून सगळे जसे हवे तसे. परंतु क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धातूच्या कवचावर, जिथे कोरलेला क्रमांक असायला हवा तिथे एक स्टिकर होता आणि त्याचा एक कोपरा सुटलेला होता. मी आवरणाच्या कडेला नखाने खरवडले, तेव्हा लाल रंगाखालून पिवळा रंग निघाला. जीएक्स २०० ची हुबेहूब चिनी नक्कल बाजारात किती सहज मिळते हे मला माझ्या दुकानामुळे पक्के ठाऊक आहे, आणि पिवळी इंजिने मी शेतीच्या पंपांवर शेकड्यांनी पाहिलेली आहेत. मागचा आस आणि साखळी पूर्ण उघडी होती, त्यांवर कसलेही आवरण नव्हते. २०१८ साली पिंजोर येथे कार्टच्या चाकात केस अडकून एका तरुणीचा जीव गेला होता. जो खरोखर कार्ट बनवतो तो पहिली गोष्ट या आवरणाची करतो, आणि या माणसाच्या बावीस पानी प्रस्तावात त्याचा शब्दही नव्हता. ती कार्ट ट्रॅकवर उतरली असती तर माझ्या हातून काय घडले असते, या विचाराने मला आजही झोप लागत नाही.

मी लगेच फोन केला. तो जराही गडबडला नाही. "भाईसाहब, यह तो सिर्फ डेमो है, असली इंजन पोर्ट पर पड़े हैं," असे म्हणून त्याने बिल ऑफ एन्ट्रीची, म्हणजे आयात मालाच्या सीमाशुल्क कागदाची, प्रत पाठवली आणि माल सोडवण्यासाठी ३,४२,५०० रुपये मागितले. त्या वेळी थांबायला हवे होते. पिवळा रंग माझ्या नखात अडकलेला होता, आणि तरीही ३ फेब्रुवारीला मी बँकेत जाऊन आरटीजीएसचा फॉर्म भरला. का भरला, याचे उत्तर मला देता येते आणि ते मला पटतेही: १३,०५,००० रुपये आधीच गेलेले होते, जागेचे भाडे चालू होते, शाळांच्या उन्हाळी सुट्टीआधी ट्रॅक सुरू झाला नाही तर वर्ष वाया जाणार होते, आणि आता नाही म्हटले तर आधीचे सगळे बुडेल ही भीती होती. पत्नीने त्या दिवशी एकच वाक्य म्हटले होते, "आलेली गाडी खोटी आहे, मग पुढच्या खऱ्या कशा येतील?" मी तिच्यावर चिडलो. बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक आइसगेट या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. मी तो पैसे गेल्यावर पडताळला. अशी नोंदच नव्हती.

दुसरी गोष्ट तर माझ्या डोळ्यांसमोर अडीच महिने होती. जीएसटी क्रमांकाची पंधरा अक्षरे असतात. पहिले दोन अंक राज्याचे, त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. कंपनीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर 'सी' असते आणि व्यक्तीच्या पॅनमध्ये 'पी'. त्याच्या बिलावर नाव होते 'प्रायव्हेट लिमिटेड', आणि जीएसटी क्रमांकाचे सहावे अक्षर होते 'पी'. म्हणजे कंपनी नव्हतीच. जीएसटीच्या पोर्टलवर पाहिले तर नोंदणी जेमतेम सात महिन्यांपूर्वीची, आणि हा बारा वर्षांचा अनुभव सांगत होता. बँकेचेही तसेच. फॉर्मवर मी कंपनीचे नाव लिहिले, खाते एका व्यक्तीचे होते, आणि रक्कम विनातक्रार जमा झाली, कारण ती खातेक्रमांकावरूनच जमा होत असे. लाभार्थ्याचे नाव आधी दिसण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. माझे पैसे त्याआधीच गेले. आता ती सोय आहे, तेव्हा नाव पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

१४ फेब्रुवारीला त्याचा फोन बंद झाला. त्याच दिवशी मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली. उत्तर मिळाले की तुम्ही स्वतः बँकेत जाऊन पैसे भरले आहेत, त्यामुळे ही सायबर फसवणूक दिसत नाही, पोलीस ठाण्यात जा. १७ फेब्रुवारीला ठाण्यात गेलो तर सांगण्यात आले की बँकेची शाखा दुसऱ्या हद्दीत आहे. दुसऱ्या ठाण्याने मला पहिल्या ठाण्याकडे परत पाठवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते. ते कलम मी छापून नेले होते. कागद वाचला गेला, घडी घालून परत दिला गेला आणि माझ्याकडून साधा अर्ज घेऊन त्यावर शिक्का मारला गेला. तिसऱ्या खेपेला एका अधिकाऱ्याने जे विचारले ते मी विसरू शकत नाही: "भाऊ, एक गाडी आली ना तुमच्याकडे? मग फसवणूक कुठे झाली? हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा."

ती एक कार्ट कशासाठी पाठवली होती हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या समजले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक सिद्ध करायची तर सुरुवातीपासूनच हेतू खोटा होता हे दाखवावे लागते, आणि थोडासा माल पोचवला की 'पुरवठा सुरू केला होता, पुढे अडचण आली' असे म्हणायला जागा उरते. ३५-४० हजारांचे भंगार रंगवून पाठवून त्याने सोळा लाखांचे संरक्षण विकत घेतले, आणि आमची यंत्रणा त्याला ते आनंदाने देते आहे. व्यापारी व्यवहारांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात म्हटले आहे, पण ती चौकशी कालबद्ध असावी, असेही त्याच निकालात आहे. पोलिसांना पहिला भाग तोंडपाठ आहे. माझ्या अर्जावरची चौकशी चार महिने चालली, या काळात अधिकारी दोनदा बदलले, प्रत्येकाला मी पहिल्यापासून सगळे सांगितले, आणि त्या चार महिन्यांत त्याचे खाते गोठवण्याचे एक पत्रही बँकेला गेले नाही. कोणीही गोदामात येऊन ती कार्ट पाहिली नाही. ग्राहक आयोगाचा विचार केला, तर वकील म्हणाले की २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळलेली आहे आणि सहा माणसे कामाला ठेवण्याचा तुमचा अहवालच तुमच्या विरुद्ध जाईल. हा अहवाल त्याच माणसाने लिहिलेला, माझ्याकडून १,७७,००० रुपये घेऊन. दिवाणी दाव्याची नोटीस 'पत्त्यावर असे कोणी नाही' या शेऱ्यानिशी परत आली.

शेवटी पोलीस उपायुक्तांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवली आणि त्यानंतर पोलिसांना तपासाचा आदेश मिळावा म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. हा क्रम पाळावाच लागतो. वरिष्ठांकडे पाठवलेल्या तक्रारीची टपालाची पावती नसेल तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा. फोनवरचे बोलणे त्याच दिवशी मेलने लिहून त्याला पाठवत जा. मी ते केले नाही, आणि 'असली इंजन पोर्ट पर' हे वाक्य आज फक्त माझ्या कानात आहे.

जागा मी जूनमध्ये सोडली. कार्ट अजून गोदामात ताडपत्रीखाली आहे. साळ्याने ती भंगारात काढायला सांगितले, पण मी काढणार नाही. अमरावती, चंद्रपूर, वर्धा, कुठेही कोणाकडे अशीच एकुलती एक कार्ट येऊन पडली असेल तर ती विकू नका आणि तिचा रंग धुऊ नका. स्टिकर न काढता क्रँककेसचे फोटो घ्या, लाल रंग थोडा खरवडून पाहा आणि आपापल्या ठाण्यात स्वतंत्र लेखी तक्रार द्या. माझी एकट्याची कार्ट पोलिसांच्या लेखी देण्याघेण्याचा वाद आहे. लालखाली पिवळे असलेले दुसरे इंजिन दुसऱ्या जिल्ह्यातल्या तक्रारीत नोंदले गेले, तर त्यांना ते म्हणता येणार नाही.