दाट द्रवाची व्हिस्कॉसिटी मोजायची: कप, स्पिंडल की पाइपातला प्रोब?

उपकरण निवडताना आधी किंमत बघितली जाते. आधी बघायला हवं ते हे: तुमचा द्रव ढवळल्यावर पातळ होतो का? पाणी, ग्लिसरीन कसेही ढवळा, दाटपणा, म्हणजेच व्हिस्कॉसिटी, तोच राहतो. रंग, केचप, लोशन यांचं तसं नाही.

फोर्ड कप, म्हणजे तळाला भोक असलेला कप, वापरायला सगळ्यात सोपा. भोकाखाली बोट धरायचं, कप काठोकाठ भरायचा, बोट काढताच स्टॉपवॉच सुरू करायचं आणि धार पहिल्यांदा तुटली की थांबवायचं. साधारण २० ते १०० सेकंदांत रिकामा होणाऱ्या, सरळ वागणाऱ्या पातळ रंग-वॉर्निशांना तो पुरतो. खरोखर दाट मालासाठी मी तो सुचवणार नाही. धार नीट पडतच नाही आणि सेकंदांचा आकडा फसवतो.

तिथे फिरत्या स्पिंडलचं (द्रवात बुडणाऱ्या दांड्याचं) व्हिस्कोमीटर हवं. द्रवात स्पिंडल फिरवायला किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो, त्यावरून ते सेंटिपॉइज या व्हिस्कॉसिटीच्या एककात उत्तर देतं. केचपमध्ये स्पिंडल १० आरपीएमवर (मिनिटाला १० फेरे) फिरवा, मग १०० वर. आकडा झपकन खाली येतो, आणि दोन्ही आकडे खरेच असतात! म्हणून नोंदवहीत स्पिंडल नंबर, आरपीएम आणि तापमान लिहिलेलं नसेल, तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. टॉर्क यंत्राच्या कमाल टॉर्कच्या १० टक्क्यांच्या खाली असेल तर ते रीडिंग सोडून द्या आणि मोठा स्पिंडल लावा.

तापमानाचं तर विचारूच नका. शुद्ध ग्लिसरीन २० अंश सेल्सियसला सुमारे १,४०० सेंटिपॉइज असतं, २५ अंशांना ९५०च्या आसपास. टाकीतून काढलेला गरम नमुना प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निवतो, आणि आपण मोजतो ते टाकीतल्या मालाचं राहत नाही.

पाइपात बसणारा कंपन-प्रोब ही अडचण टाळतो. चालू प्रक्रियेत, आहे त्या तापमानाला तो सतत मोजत राहतो. पण त्याच्या वेगवान कंपनांमुळे ढवळल्यावर पातळ होणाऱ्या द्रवाचा आकडा स्पिंडलपेक्षा बराच कमी येऊ शकतो. शिवाय चिकट मालाचा थर प्रोबवर बसला की रीडिंग भरकटतं.

दिवसाला मोजक्याच बॅचेस असतील तर स्पिंडलचं यंत्र आणि तापमान स्थिर ठेवणारा वॉटर बाथ एवढं पुरे. उत्पादन अखंड चालत असेल तर प्रोब घ्याच, पण त्याची पडताळणी करायला स्पिंडल हाताशी असू द्या.